बोटभर फट

रबाळ्याहून परतलो तेव्हा पावणेपाच झाले होते.
प्रणील नवा, त्याला म्हटलं, झोप नंतर,
आधी नांगी खाली उतरव.

टेंडरच्या कागदावर तिचं नाव स्प्रेडर, वजन वीस किलो.
पण मढवी मास्तर दिवा कोळीवाड्याचे,
पहाटे खाडीत पाग टाकून मग ड्युटीवर येणारे,
त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं :
खेकडा धरायला मिटतो,
ही सोडवायला उघडते. एवढं लक्षात ठेव,
बाकीचं पुस्तकात आहे.

कोमट पाणी, साबण, दात घासायचा जुना ब्रश.
टोकांच्या खाचांत राखाडी रंगाचे पापुद्रे, टेम्पोच्या दाराचे.
एका खाचेत सीटच्या स्पंजचा तुकडा,
तो काढायला सुई लागली.

टेम्पोत आलं होतं, वाशीच्या मार्केटला निघालेलं.
डिव्हायडरपासून पुलाच्या खांबापर्यंत आलंच आलं,
डिझेलच्या वासावर त्याचा वास चढलेला.
इल्यास, कौशाचा, स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये,
उजवा गुडघा डॅशबोर्डखाली.
कातर पाहिली आणि म्हणाला,
साहेब, दार कापू नका.
बावीस हप्ते बाकी आहेत.

प्रणीलने पंप सुरू केला होता.
थांब, म्हटलं. चाकांना ठोकळे दे.
बॅटरीची काळी वायर काढ.
आणि दार ओढून बघितलंस का?
नव्हतं बघितलं.
हातात सातशे बारचा दाब आला
की दाराची कडी दिसेनाशी होते.

मी कडी ओढली.
दार उघडलं नाही.
गोष्ट असती तर उघडलं असतं.

मग काचेसाठी त्याच्या अंगावर घोंगडी,
आणि नांगी बिजागरीपाशी.
एक इंच, थांब, ठोकळा. एक इंच.
पत्रा असा कण्हत होता
की कण्हतंय कोण ते ऐकायला
पंप दोनदा बंद केला.
मधल्या वेळात त्याने हप्त्याची रक्कम सांगितली,
बायकोचं माहेर म्हसळा, तेही सांगितलं,
मग गप्प झाला,
मग विचारलं, गुडघा आहे का.
आहे, म्हटलं.
रॅम लावला तेव्हा डॅशबोर्ड चार बोटं उठला.
चार बोटं पुरली.

दार आता चौकीच्या मागे पडलंय.
हप्ते चालू राहतील.

नळीवरून उघडा हात फिरवू नकोस रे.
सुईएवढं भोक असलं तरी तेल कातडीत शिरतं,
आणि लगेच दुखत नाही, तेच वाईट.
पुठ्ठा धर, पुठ्ठ्यावर डाग येतो.
मढवी मास्तरांच्या डाव्या तर्जनीचं पेर असंच गेलं.
घरी त्यांनी सांगितलं, खेकड्याने नेलं.

कपलिंगची टोपी लाव. वाळूचा एक कण
आतल्या सगळ्या तेलाची वाट लावतो.
कातरीची धार बघ, उजेडात धरून.
नव्या गाड्यांचं पोलाद चिवट
आणि आपली कातर दोन हजार बाराची.
महापेला मागच्या महिन्यात पातं खांबात रुतलं ते निघेना.
पत्र लिहिलंय. म्हणजे तीन पत्रं लिहिलीत.

रजिस्टरात वेळ, तेलाची पातळी, सही.
कडी ओढून पाहिली का, असा रकाना नाही.
तो मी समासात लिहितो.

आता मिटव नांगी. मिटव. अजून. बस.
पूर्ण नको.
टोकं टेकली की आत दाब कोंडतो,
फळीवर पडल्या पडल्या
स्वतःशीच झगडत राहते ती रात्रभर.
बोटभर फट राहू दे.

प्रणीलने आधी पंप बंद केला,
मग बोट घालून मोजलं.
पारसिकच्या डोंगरामागून उजळत होतं.
साबणाने दोनदा धुऊनही
त्याच्या हाताला आल्याचा वास होता.