तेंदूपत्त्याच्या पंधरवड्यात

भट्टीवर एरवी सहा माणसं. मे महिन्यात तीन.
बाकीचे पत्ता तोडायला जंगलात गेलेत,
येतील पंधरा दिवसांनी, बोटं काळी करून,
यंदा शेकड्याला काय भाव लागला ते सांगत.

मोहाडीच्या आमच्या बेकरीत
बाबा रात्री दीडलाच उठतात.
मी पीठ चाळते. नागपूरची चार वर्षं
अजून नखांत असल्यासारखी वाटतात,
यीस्टचा तो आंबूस, ओलसर वास.

तिथे माझ्या बशीत एक यीस्ट होतं.
त्याच्याकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात.
मी एक काढून टाकली.
मेलं नाही ते.
फक्त रायबोसोम कमी पडले,
दोन लाखांचे सव्वा लाख असतील,
आणि ते हळू वाढू लागलं,
उशिरा उठणाऱ्या माणसासारखं.

मला वाटलं होतं, हात कमी झाले
तर सगळीच प्रथिनं सारखी कमी होतील,
जशी खिचडी दहा जणांत वाटली
तर प्रत्येकाला थोडी कमी.
तसं झालं नाही.

बेकरीच्या पाटीवर खडूने लिहिलंय:
पाव अडीचशे.
टोस्ट, नेहमीचे.
खारी, बसस्टँडवाल्या भुऱ्याची.
तुळजाबाई नेवारेंच्या नातवाचा केक,
तीन मजली, वर विमान.

पाव होतोय. रोज होतोय.
गोळा हातात आला की हात आपोआप वळतो.
टोस्टही होतोय, थोडा जाड.
केकची ओळ सहा दिवस तशीच आहे.
ती खोडायचं कुणी ठरवलं नाही,
करायचं नाही असंही कुणी म्हणालं नाही.
आधी साखर दळा, मग साचा शोधा,
मग विमानासाठी पुठ्ठा कापा,
सुरुवातच एवढी गुंतलेली
की मोकळा झालेला हात तिथवर पोचण्याआधीच
पावाच्या गोळ्यावर पडतो.

बाबा, म्हटलं, हाच माझा आलेख.
यासाठी मी चार वर्षं घालवली.

बाबांनी कणकेला एक ठोसा दिला.
“काहून वो, सुखराम तं परत येते.
तुये रायबोसोम पत्त्याले जाते का?”

जात नाहीत. पण उपासमार झाली
तर पेशी स्वतःचेच रायबोसोम
पिशवीत भरते, मोडते आणि खाते.
मी हे सहज बोलून गेले.

बाबा थांबले.
भट्टीच्या तोंडाशी वाकून राख ओढत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
आजोबांचा माग होता. कोशाचं सूत
त्यावर दिवसभर खटखटायचं.
ही भट्टी पहिल्यांदा पेटली
ती त्या मागाच्या लाकडावर.
घरात हे कुणी बोलत नाही.

मग म्हणाले, “पहिले पोट्ट्यायले चहा दे.
पाव मागून.”

आणि यीस्टही, धान्य असेल तेव्हा,
दुसरं काही करण्याआधी तेच करतं:
आपल्या निम्म्या मेहनतीत
नवीन रायबोसोमच घडवतं,
मिनिटाला दोन हजार,
हात घडवणारे हात.
हे मी बाबांना सांगितलं नाही.
चहात आलं ठेचलं.

सोळाव्या दिवशी सुखराम आला,
त्याच्या मागे पंचफुला, मग धाकटा गोमा.
पाठीवर उन्हाची सालं निघालेली.
कुणी काही न सांगता
पंचफुलाने पाटी वाचली, साखर दळायला घेतली.

तुळजाबाईंचा नातू एव्हाना
पाच वर्षं अकरा दिवसांचा झाला होता.
विमानाचा एक पंख भट्टीच्या उबेने वाकला.
पोराने तोच आधी खाल्ला.