शंभरातून बावन्न

पारडीच्या पुलाखालून नाग नदीचा गाळ आणला,
गळा कापलेल्या पाण्याच्या बाटलीत.
काळा, तेलकट. त्यात डांबरगोळीवर जगणारे जिवाणू.
हो, तीच गोळी, आईच्या ट्रंकेतली,
लुगड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवलेली.
कसरीचं विष
यांचं जेवण.

गोळीच्या रेणूत दोन वलयं, एकमेकांना चिकटून.
ती फोडायला यांच्याकडे एक एन्झाइम:
लोखंडाचा एक अणू, त्याला धरून
दोन हिस्टिडिन, एक अस्पार्टेट.
कोट्यवधी वर्षांत बाकीची अक्षरं झिजली, गळली, बदलली,
ही तीन बोटांची पकड सुटली नाही.

मे महिना. रात्री अकरालाही भिंती तापलेल्या.
एकेचाळीस भावंडं मी एकाखाली एक लावते,
संगणक झाड काढतो,
आणि प्रत्येक फाट्याला मी शंभरदा विचारते,
तुम्ही दोघं एकाच आईचे ना?
सत्त्याण्णवदा हो. शंभरदा. अठ्ठ्याऐंशीदा.
एक फाटा मात्र
शंभरातून बावन्नदाच हो म्हणतो.
आणि झाडाला मूळ द्यायचं तर घरचा चालत नाही,
बाहेरचा एक आणून बसवावा लागतो,
तेव्हा कुठे कळतं थोरलं कोण.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
बाबा वंशावळ लिहून राहिले.
स्टॅम्प पेपर, फुटपट्टी, दोनदा खोडलेली पेन्सिल.
वर लटारू पौनीकर. खाली डोमाजी आणि झिबल.
डोमाजीच्या दाखल-खारीजमध्ये जात: कोष्टी.
झिबलच्या, दोन वर्षांनी, त्याच शाळेत: हलबी.
"मास्तर बदलला असंन," बाबा म्हणतात.
सतराला समितीपुढे तारीख.
माझी फेलोशिप त्या मास्तरच्या हातात,
जो मरून साठ वर्षं झाली असतील.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या स्क्रीनवर वाकले.
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस.
"हे काय व्हय?"
"वंशावळच. जंतूंची."
बराच वेळ बघत राहिले.
"हा तं निस्ता ताना हाये, बाई.
बाना कुठी हाये?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.
बाणा होता. मीच काढला नव्हता.
गाळात शेजारी शेजाऱ्याला
डीएनएचं एक कडं देऊन टाकतो,
बाप कोण, गाव कोणतं, काही न विचारता:
घे, हे असं फोडायचं असतं, खा.
म्हणून बावन्न.
एन्झाइमची आई एक,
ते ज्या पेशीत राहतं तिची आई दुसरी.

मग मी तुटक रेघांनी आडवे धागे ओढत गेले,
या फांदीतून त्या फांदीत, दीड वाजेपर्यंत.
झाड दिसेनासं झालं.
उरलं एक विरळ, गाठाळ कापड.
गाईड सर म्हणतील, हे छापायला चालणार नाही.

तिकडे फुटपट्टी थांबलेली.
लटारूची बायको कोण, कुणाला ठाऊक नाही.
उमरेडकडची, एवढंच आत्या सांगायची.
फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.
बाबांनी तरी लटारूच्या शेजारी एक आडवी रेघ मारली,
बारीक, पेन्सिलीची,
आणि तिच्या टोकाशी काहीच लिहिलं नाही.

कूलरचं पाणी संपलं होतं. मी बादली घेऊन उठले.
ट्रंकेतून काढलेल्या कागदांना
अजून डांबरगोळीचा वास येत होता.