हातचे दिवस

आमच्या इमारतीच्या लिफ्टला नाणं लागतं.
तिबिलिसीत अशा लिफ्ट अजून आहेत, नाणं नसेल तर जिने चढा.
पाचव्या मजल्यावर आम्ही वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका
नऊ भाषांत उतरवतो. माणसं अकरा, देश सहा,
आणि सगळ्यांच्या रजा नानुलीच्या एका चौकटीच्या वहीत.

मालक म्हणाले, बेसो, ही वही बंद कर.
आपलं आपण चालेल असं काहीतरी बनव.

मी नानुलीसमोर खुर्ची ओढली.
नियम सांगा, म्हटलं.
कसले?
रजा कधी द्यायची, कधी नाही.
तिनं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.
"मागतात तेव्हा देते."
आणि शिल्लक नसेल तर?
"तेव्हाही मागतात."

वही चाळली. आकडे सरळ, समास वाकडातिकडा:
ब्रौलियो, दोन दिवस, आईचे डोळे.
तामाती, अर्धा दिवस, होडी बुडाली, माणसं ठीक.
एका ओळीपुढे नुसतं: विचारू नये.
समास ठेवायला माझ्याकडे रकाना नव्हता.
मी कारणांची यादी केली. सहा पर्याय.
सातवा, 'इतर'.

मग वारांनी धिंगाणा घातला.
ड्युनेडिनला तामातीचा शुक्रवार मावळतो
तेव्हा मोंतेविदेओत ब्रौलियो त्याच शुक्रवारच्या पहाटे
कूस बदलत असतो.
सुट्टी पडते ती नक्की कुठल्या गावात?
सर्व्हर म्हणाला, माझ्या.
महिनाभर तामातीचे सोमवार रविवारात सांडत राहिले,
आणि रविवार रजेत धरत नाहीत, म्हणून फुकट मिळत राहिले.
तो काही बोलला नाही.
नवी होडी घेतली होती म्हणे.

झांझिबारहून म्वानाइदीचा अर्ज आला.
तारीख: चंद्र दिसेल ती.
मशीन लाल अक्षरांत खेकसलं.
तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा खेकसलं.
नानुली माझ्या खांद्यावरून बघत होती.
"मी दोन्ही दिवसांवर पेन्सिलीनं फुली मारायचे,
मग एक खोडायचे."
त्या एका पेन्सिलीसाठी
मला चाळीस ओळी लिहाव्या लागल्या.

वर्ष संपताना उरलेल्या दिवसांचं काय?
बेरजेतल्या हातच्यासारखे पुढे न्यायचे? किती?
"ज्याचे त्याला ठाऊक," नानुली म्हणाली.
"दहा," मालक म्हणाले.
मी दहा लिहिलं.

शेवटी वही आत ओतली. नावं भरली दहा.
पुन्हा मोजली. दहाच.
एकोणीस वर्षांच्या वहीत नानुलीचं पान नव्हतं.
कधी आजारीसुद्धा पडला नाहीत?
"पडले की. पण लिहायचं कुणी?"

चोवीस गुणिले एकोणीस, चारशे छप्पन्न.
मशीननं दहा ठेवले, बाकीचे गिळले.
तो नियम मी तिच्यापुरता मोडला.
कुठे तशी टीप लिहिली नाही.

मार्चमध्ये तिचा पहिला अर्ज. आठ दिवस. कारण: इतर.
अर्जदार नानुली. मंजुरी देणार नानुली.
चार दिवस तो पिवळाच.
विचारलं, तर म्हणाली, थांबलेय,
त्याच दिवसांत आणखी कुणाला हवी असली तर?
पाचव्या रात्री मागच्या दारानं शिरून
मीच तो हिरवा केला.

आता तिची खुर्ची रिकामी, टेबलावर पेन्सिल,
आणि ब्रौलियो तासातासाला विचारतोय, नानुली कुठाय,
जणू समोर पाटी नाही.

संध्याकाळी बातुमीहून फोन.
मागे समुद्र होता की ट्रक, कळेना.
"बेसो, म्वानाइदीला चंद्र दिसला का?"
मी पडद्याकडे पाहिलं. दोन्ही दिवसांवर फुली.
अजून नाही, म्हटलं.
"मग खोडू नकोस इतक्यात."