तिमया

घणसोलीच्या शाळेत माझी खोली म्हणजे
खिचडीच्या पातेल्यांमागची जागा.
एक सतरंजी, एक आरसा, फुंकर मारायला मेणबत्ती,
आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा,
आणि दारावर कुणीतरी खडूने लिहिलेलं :
बोलायची बाई.

पहिल्याच वर्षी वरून बावीस नावं आली.
ही सगळी ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात, बघा जरा.
मी गोठिवलीत गेले, ओट्यावर बसले, ऐकत राहिले.
आजोबा जालं विणत होते,
मावशी मासली साफ करत होती.
बावीसातली एकोणीस नावं मी खोडली.
शेरा लिहिला : हा उच्चारदोष नाही,
ही गोठिवली आहे.

उरलेल्या तिघांत भोईरांची किमया.
तिच्याकडे ‘क’ नव्हता.
कप तिच्या तोंडात तप व्हायचा,
काल व्हायचा ताल,
आणि नाव विचारलं की चपलेकडे बघत म्हणायची,
तिमया.
मुलं हसायची. तीही हसायची.
सगळ्यांच्या आधी हसलं की कमी लागतं,
हे तिला सातव्या वर्षी कळलेलं.

जीभ सारखी पुढे पळते, दातांच्या आडोशाला.
तिला मागे न्यायची तर मिनतवारी करावी लागते.
सतरंजीवर उताणं झोपून आम्ही दोघींनी पंखा पाहिला,
नळावर उभं राहून गुळण्या केल्या,
माझी ओढणी भिजली.
जुलै, ऑगस्ट, गणपतीची सुट्टी, पुन्हा पहिल्यापासून.
एकदा ती खोकली, आणि त्या खोकल्यात
मला काहीतरी ऐकू आलं.
हां, हाच! परत खोक! मी ओरडलेच.
ती घाबरली. दोन दिवस आलीच नाही.

राबाड्याच्या खाणीकडून येणारा मल्लप्पा वेगळा.
त्याच्याकडे सगळी बाराखडी होती, फक्त दार अडायचं.
हजेरीला ‘हजर’मधला ‘ह’ छातीत रुतायचा,
म्हणून नुसता हात वर करायचा,
आणि दोनदा गैरहजर लागला, बाकावर बसलेला असताना.
तो अजून अडखळतो. ते मी बरं केलेलं नाही.
पण परवा खिडकीतून पाहिलं :
तो ‘ह’वर उभा होता
आणि अख्खा वर्ग, पेन्सिलसुद्धा न वाजवता,
थांबला होता.
बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही.

नणंद विचारते, एवढ्यात भागतं तुझं?
वाशीला दवाखाना टाकला असतास तर.
मी आकडा सांगते, ती पापडाकडे वळते.
तिला काय सांगू डिसेंबरातलं,

किमयाला दंडाला धरून आणलं होतं माझ्यापुढे.
ही शिव्या देते.
कुठली शिवी? तर सर लाजले.
तिनेच सांगितलं, मान ताठ :
कुत्र्या बोलले मी त्याला.
क. मागोमाग त.
एक घशाशी, एक दातांशी,
दोघं आपापल्या जागी, जराही धक्काबुक्की नाही.
असं बोलू नये, मी म्हटलं, तोंड कडक ठेवून.
मग पातेल्यांमागे गेले, नाक पुसलं,
आणि परत येऊन विचारलं,
नक्की काय म्हणालीस? सांग बघू एकदा.

त्या आठवड्यात तिची आई डबा घेऊन आली,
खाडीतल्या निवट्यांचं कालवण, वर आंबोशी.
“हिची काकी रडली गो बाय.
आतापरत ताती होती ना ती.”

डबा घासून ठेवलाय.
रिकामा परत करायचा नसतो, म्हणून राहिला.
आता रोज मधल्या सुट्टीत ती दारात उभी,
बाई, आई विचारते, डबा कुठंय?
मी म्हणते, अगं, विसरलेच. उद्या.

तो माझ्या पिशवीतच असतो.