दार उघडं होतं

सदरच्या ऑफिसात, मंगळवारी रात्री दोनला
प्रिंटर आपोआप सुरू झाला.
चौकीदार नंदेश्वर सांगतो,
"कागद भराभरा पडून राह्यले होते मॅडम,
आन् खोलीत कोनीच नाही.
चालिसा म्हनली, तरी थांबेना.
मंग प्लगच उपटला."

चारशे बारा पानं.
प्रत्येक पानावर एकच ओळ, बारीक अक्षरात:
दार उघडं होतं.

डोक्याचा दुपट्टा सोडून
मी कूलरसमोर जरा उभी राहते.
बाहेर पंचेचाळीस.
मग विचारते, पासवर्ड काय ह्याचा?
ह्याला पासवर्ड असतो
हेच कोणाला ठाऊक नाही.
म्हणजे कारखान्यातून आला तोच. सहा वर्षं.

कपाटाला दोन कुलपं,
किल्ल्या तितरमारे बाबूंच्या करदोड्याला.
आणि त्या कपाटातला कागद न् कागद
ज्याच्या पोटातून गेला
त्याला साधी कडी नाही.
ह्याच्या आधीचा तर
इतवारीच्या कबाड्याला विकला, सतराशेला,
पोटासकट.

मी भोकं बुजवते. बाहेरची वाट तोडते.
नवं सॉफ्टवेअर चढायला पाऊण तास.
मग डिस्क उघडते.
यंत्र काही विसरलेलं नसतं:
पगाराच्या स्लिपा, कुणाची सोनोग्राफी,
एक लग्नपत्रिका, तीनदा दुरुस्त केलेली,
आणि एक राजीनामा.

अकरा फेब्रुवारी, संध्याकाळी सात चाळीस.
दुसऱ्या दिवशी परत,
'अपमान सहन न झाल्याने' खोडून
'वैयक्तिक कारणास्तव'.
मार्चमध्ये परत.
खाली नाव: रेवनाथ तितरमारे.

बाबू समोरच बसलेत.
माझ्यासाठी चहा सांगून राह्यले,
साखर कमी का, विचारून राह्यले.
"ह्याच्यात जुनं काही राहते का हो, बाई?"

स्क्रीन विचारते, नक्की पुसायचं?
मी बटण दाबते.
"राहत होतं," म्हणते.

चहा पिऊन होतो.
नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देते,
चौदा अक्षरं. बिल साहेबांच्या टेबलावर.
दारातून वळून बघते
तर बाबू चिठ्ठी चिकटवून राह्यले,
सेलोटेपनं, प्रिंटरच्याच कपाळावर.

"बाबू," मी म्हणते,
"इतकं ठेवलं ना पोटात.
हेही ठेवा."

ते माझ्याकडे बघतात. बराच वेळ.
मग नखानं टेप सोलायला लागतात.
लवकर निघत नाही ती.