एक पूर्णांक सात

जुनी दोन काढली नाहीत.
तिथेच आहेत, पाठीशी, वाळल्या शेंगांसारखी.
भावाचं पुढे बसवलंय, उजव्या मांडीच्या जरा वर,
झोपताना हात आपोआप तिथे जातो.
मी विचारलं, मग त्या दोघींचं काय?
डॉक्टर ओयार्सोबाई म्हणाल्या,
असू देत, म्हातारी माणसं कुणी घराबाहेर काढतं का?

त्याआधी अडीच वर्षं
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
लेमुईच्या धक्क्यावरून पहाटेची पहिली फेरीबोट,
पुढे कास्त्रोपर्यंत बस,
आणि यंत्राशेजारी चार तास.
या बटाट्यांच्या बेटावर मी
बटाटा दोनदा उकडायचे,
पाणी फेकायचं, त्याबरोबर चवही.
शेजारच्या खुर्चीत फिदेलिना लोकर विणायची, एका हाताने, कशीबशी.
एका बुधवारी तिथे कुणी तरणा मुलगा बसला होता.
खुर्ची रिकामी ठेवत नाहीत.
तिचा अर्धा मोजा परिचारिकेने माझ्याकडे दिला,
मला विणता येत नाही.

बेलार्मिनो आणि मी सात वर्षं बोललो नव्हतो.
वडिलांचं शेत, मधलं कुंपण,
दोन हात जमीन.
तो दारात आला, बूट न काढता म्हणाला,
रक्तगट जुळतोय. कुंपणाचं नंतर बघू.

वाल्दिवियाच्या इस्पितळात
परिचारिकेने पिशवी उजेडासमोर धरली
आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मुताला टाळ्या!
मी हसले, टाके ओढले गेले,
तरी हसतच राहिले.

मग गोळ्या. सकाळी आठ, रात्री आठ.
घड्याळ मयतातही वाजतं.
लिंबू पिळलेली कच्ची कालवं बंद,
ग्रेपफ्रूट बंद (ते इथे आणतो कोण?),
उन्हात टोपी, गर्दीत मास्क.
हात थरथरतात. जाळं विणायची सुई
आता भाची ओवून देते.

तिसऱ्या वर्षी एक पूर्णांक एकचे
झाले दोन पूर्णांक सहा.
शरीराने भावाला ओळखलं नाही,
की ओळखलं म्हणूनच उठलं, कोण जाणे.
आमच्या घराण्यात भाऊबंदकी जुनी,
ती रक्तातही असेल असं वाटलं नव्हतं.
सुईने तुकडा काढला, तीन दिवस स्टिरॉइड शिरेतून,
चेहरा भाकरीसारखा फुगला.
बेलार्मिनोला कळवू नका, मी म्हटलं.
दिलेली वस्तू मी नीट सांभाळली नाही
असं तो म्हणेल, ही भीती.
तो आला. खिडकीपाशी बसला दुपारभर,
होडीच्या फळ्यांचा भाव सांगत.

आकडा उतरला, एक पूर्णांक सातवर थांबला.
आता यातच संसार, बाई म्हणाल्या.
किती वर्षं? मी विचारलं.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
कुणाची दहा जातात, कुणाची वीस.
तुमची गोळी चुकली नाही तर,
ताप लपवला नाहीत तर.
एवढंच. खोटं बोलल्या नाहीत
म्हणून मी त्यांना लसणाची वेणी नेऊन दिली.

मार्चमध्ये त्याचीही तपासणी असते.
एकच फेरीबोट, एकच बाक.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली तो मांडीवर धरून बसतो,
जणू आत दारू आहे.
आठ वाजले की माझं घड्याळ वाजतं
आणि समुद्राकडेच बघत तो
पाण्याचा थर्मास पुढे करतो.

कुंपण अजून तिथेच आहे.
दोन हात माझ्या बाजूला.