डांबर

ती मी लिहिली होती एका पालथ्या होडीवर.
साखरीनाट्याच्या खाडीला, मे संपता संपता
उंडीखाली ओढून ठेवलेली,
अर्धी सावलीत, अर्धी उन्हात,
पाठीला लांबच लांब तडा.
एकोणीस ओळी. माणूस एकही नव्हता त्यांत.
एक खेकडा होता,
आणि पोटाखालचा तो काळोख
जिथे पोरं गोट्या लपवून ठेवतात.

वरची जागा कोरी सोडली होती.
सुचलं नव्हतं असं नाही.
दारावर पाटी नसली की माणूस
जरा वाकून आत बघतो, एवढंच.

रत्नागिरीहून संपादकांचं कार्ड आलं :
कविता उत्तम. बिनशीर्षकाची आम्ही छापत नाही.
प्रेस खोळंबली होती, सबब आम्हीच एक घातलं आहे.

पान एकशे बारा.
माझ्या होडीच्या डोक्यावर, ठळक टायपात,
'विधवा'.

आत काना-मात्रासुद्धा बदललेली नव्हती.
तरी पहिल्याच ओळीला होडी उठली
आणि बाई होऊन बसली.
तडा नुसता तडा राहिला नाही.
राजापूरच्या एका प्राध्यापकांनी तर मला
बाजूला घेऊन विचारलं,
खेकडा म्हणजे दीर, बरोबर ना?
वाचनालयात लोक माझ्याशी हळू बोलू लागले.

मग जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर द्रौपदी पावसे.
बांगड्याची पाटी डोक्यावरून उतरवून म्हणाली,
'काय वो मास्तर, पोरीनं वाचून दाखवलान.
ह्या माज्यावर लिवलाव काय?'
म्हटलं, नाही हो, होडीवर आहे ती.
ती थोडा वेळ पाटीतल्या बर्फाकडे बघत राहिली.
'होडी बरी,' म्हणाली.
'होडीला परत रंग देतात.'

नझीर सोलकर नावांवर नावं रंगवतो,
आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द पुरतो.
त्याला सगळं सांगितलं.
ब्रश रॉकेलात बुडवत तो म्हणाला,
मी नाव शेवटी घालतो.
आधी पाण्यात सोडायची, रात्रभर ठेवायची,
सकाळी आत किती पाणी आलं ते डब्यानं मोजायचं.
आधीच रंगवलं, तर लोक नाव बघतात,
भोक कोण बघतो?

घरी येऊन माझ्या अंकातलं ते शीर्षक
मी निळ्या शाईनं खोडलं. दोनदा खोडलं.
खालून दिसतंच.
आता उंडीखालून जाताना
मीच मान खाली घालतो,
कुणाच्या तरी अंगणातून जावं तसा.

ह्या खेपेला नाव मी घातलं, आणि सर्वांत आधी घातलं.
तुम्ही इथवर डांबर हुंगत आलात,
होडी दिसल्यावर वाटलं असेल, आता येईल,
तड्यात भरतील, काळं, कढत.
आमच्याकडे होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावतात.

डांबर त्या रस्त्याचं.
पावसाळा सरल्यावर नवं ओतलेलं,
ऑक्टोबरच्या उन्हात मऊ पडलेलं.
ती पाटी उचलून चालू लागली.
मला मागोमाग जायचं होतं, काहीतरी सांगायचं होतं,
काय ते अजून ठरलेलं नाही.
एक पाय उचलला.
दुसऱ्याची चप्पल आली नाही.